चुन्याची निवळी की दोन बाटल्या? नाशिकच्या हवेत रिफ टाकीची अल्क सांभाळताना

घरच्या रिफ टाकीत, म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) वाढवायच्या टाकीत, दगडी कोरलचे चार तुकडे रुजले, मागच्या काचेवर जांभळी कोरलाइन (चुन्याची पुटं धरणारं शेवाळ) चढू लागली, की नुसतं पाणी बदलून भागत नाही. ही मंडळी सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्क (अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, माप डीकेएच) खात असतात. साधा हिशेब आहे. टाकीची अल्क ७ डीकेएचवर आली असेल आणि तुम्ही साडेआठचं नवं पाणी दहा टक्के घातलंत, तर अल्क वाढते ०.१५. माझी टाकी तेवढी अल्क तीन तासांत खाते. (दगडी कोरल म्हटलं की आधी कागद बघा. आपल्या समुद्रातली सगळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. माझे तुकडे परदेशात पैदास केलेले आणि कागदांसकट घेतलेले आहेत.)

मग उरतात दोन रस्ते. एक म्हणजे चुन्याची निवळी, हौशी लोक जिला जर्मन नावाने काल्कवासर म्हणतात. दुसरा म्हणजे दोन बाटल्या: एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत खायचा सोडा. कॅल्शियम रिअ‍ॅक्टर वगैरे मोठ्या टाक्यांचं प्रकरण, ते इथे नको. मी निवळीवर दोन वर्षं काढली आणि आता बाटल्यांवर तिसरं वर्ष चालू आहे. टाकी चार फुटी, सम्प (खालची जोडटाकी) धरून निव्वळ पाणी २०० लिटर, रोजची भूक साधारण १.२ डीकेएच. पुढचे आकडे याच टाकीचे आहेत, तुमचे वेगळे निघतील.

निवळीची बाजू आधी मांडतो, कारण ती मला मनापासून आवडते. पहिल्यांदा पूड पाण्यात ढवळून डबा कोपऱ्यात ठेवला तेव्हा आईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही तर निवळी. तुला तान्हेपणी थेंब थेंब दिलीय." तीच ती. लिटरला साधारण दीड ग्रॅम पूड, तासाभरात गाळ खाली बसतो, वरचं स्वच्छ पाणी वापरायचं. पानाच्या टपरीवरचा चुना मात्र चालणार नाही, त्यात काय काय असतं ते टपरीवाल्यालाही ठाऊक नसतं. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच घ्या आणि डब्याचं झाकण घट्ट लावा. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की त्याचा खडू होतो, आणि खडू टाकीच्या काही कामाचा नाही.

खर्चाच्या बाबतीत निवळीला तोड नाही. माझ्या भुकेला वर्षाला सव्वा किलोच्या आत पूड लागायची. कॅल्शियम आणि अल्क एकाच घोटात, कोरलना लागतात त्याच प्रमाणात मिळतात, मागे दुसरं काही उरत नाही. आणि पीएच! डिसेंबरात रात्री गारठा पडला की आपण खिडक्या लावून बसतो, घरातली हवा कोंडते, तिच्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच ७.८ वर येऊन मान टाकतो. निवळी तो कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकते. माझ्याकडे सकाळचा आकडा ८.१ च्या खाली क्वचित जायचा. वाढ चांगली वाटली, पण ते मी फूटपट्टीने मोजलेलं नाही, नजरेचा अंदाज आहे.

भीती एकच सांगतात, आणि ती खरी आहे. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. निवळी मी एटीओतून (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारी सोय) द्यायचो. त्याच्या फ्लोटवर एका रात्री गोगलगाय चढून बसली, निवळी आत जातच राहिली आणि सकाळी टाकी ताकासारखी दिसत होती. मी कोपऱ्यावरून प्यायचं साधं सोडावॉटर आणून थोडं थोडं ओतलं, पीएच उतरला, एक कोळंबी गेली, बाकी वाचलं. पण यासाठी मी निवळी सोडली नाही. एटीओचा डबाच लहान ठेवला, म्हणजे सगळा रिकामा झाला तरी टाकी मरणार नाही. हा त्रास पाच मिनिटांत सुटतो.

मी सोडली ती नाशिकच्या हवेमुळे.

निवळी एटीओतून द्यायची, म्हणजे टाकीतून जेवढं पाणी उडेल तेवढीच निवळी आत जाणार. मुंबईच्या लोकांना यात अडचण जाणवत नसावी, तिथे हवा बाराही महिने दमटच. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे कोरडी ठणठणीत हवा. टाकी थंड ठेवायला वर पंखा लावला की माझं रोज साडेचार लिटर पाणी उडतं. पूर्ण ताकदीची निवळी एवढी गेली तर दिवसाला अडीच डीकेएच, म्हणजे भुकेच्या दुप्पट. म्हणून उन्हाळ्यात मी निवळी पातळ करायचो, लिटरला ०.७ ग्रॅम. छान चालायचं.

मग जूनमध्ये एका दुपारी गंगापूर धरणाच्या बाजूने आभाळ काळं होऊन यायचं. पहिला पाऊस पडला की सगळी सोसायटी गॅलरीत आणि मी सम्पपाशी. एका रात्रीत हवा बदलते, साडेचार लिटरचे दोन लिटर होतात आणि डब्यात अजून उन्हाळ्याची पातळ निवळी असते. भूक १.२, आत जातं अर्धा-पाऊण. पहिल्या वर्षी मला हे पाचव्या दिवशी कळलं, तोवर साडेआठची अल्क सहाच्या घरात आली होती आणि दोन तुकड्यांची टोकं पांढरी पडली होती. तेव्हापासून मी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली अल्कचे आकडे लिहायला लागलो. ते पान अजून आहे. दूध दीड, दूध दीड, अल्क ७.१, दूध एक, अल्क ६.६.

ठीक आहे, पाऊस आला की पूर्ण ताकदीची करायची. केली. पण श्रावणात माझं पाणी दीड लिटरच उडतं, आणि दीड लिटर पूर्ण निवळीतून मिळते ०.८५ डीकेएच. चुना पाण्यात त्याहून जास्त विरघळतच नाही, गाठ तिथेच अडते. जास्त पाणी घालावं तर टाकी अळणी होत जाते. व्हिनेगर घालून चुना जास्त विरघळवतात, मीही करून पाहिलं. बॅक्टेरियांना खाऊ मिळाला, काचेवर बुळबुळ आली, बंद केलं.

शेवटी मी जे केलं ते सांगायला थोडी लाज वाटते. ऑगस्टमध्ये, बाहेर संततधार लागलेली असताना, पाणी जास्त उडावं म्हणून टाकीवर पंखा लावला. पंख्याने पाणी गार होऊन २४ वर आलं, म्हणून हिटर लागला. एकीकडून पंखा टाकी थंड करतोय, दुसरीकडून हिटर गरम करतोय, आणि हे सगळं कशासाठी, तर निवळीला आत जायला जागा मिळावी म्हणून. तीन आठवडे हा संसार चालला. वीजबिल आलं तेव्हा बायकोने फक्त पंख्याकडे बोट दाखवलं, हिटरचं तिला माहीतच नव्हतं.

बाटल्यांना हवामान कळत नाही, हाच त्यांचा गुण. चैत्र असो वा श्रावण, पंप ठरलेले मिलिलिटर सोडतो. एटीओत साधं आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढलेलं) पाणी राहतं. (स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरणार असाल तर मिनरलची नळकांडी आधी काढा. आणि बोअरवेलचं पाणी असेल तर डीआय रेझिनकडे (क्षार शोषणारे दाणे) लक्ष ठेवा, आपल्या काळ्या खडकातलं सिलिका सुटून आलं की वाळूवर तपकिरी साय धरते.)

पण बाटल्यांची कुरकुरही आहे, लपवत नाही. वर्षाला सोडा अडीच-पावणेतीन किलो आणि कॅल्शियम क्लोराइड सव्वादोन-अडीच किलो लागतं, म्हणजे वजनात निवळीच्या चौपटीहून जास्त. केमिकलवाल्याकडून घ्याल तर शुद्ध दर्जाचंच घ्या, स्वस्त पोतं नको. पंपाची रबरी नळी सैल पडते, म्हणून दोन महिन्यांनी मोजपात्र धरून माप पुन्हा लावावं लागतं. दोन्ही द्रावणं एकाच वेळी एकाच जागी पडली तर आत बर्फ पडल्यासारखं दिसतं आणि दोन्ही वाया जातात. मी अर्ध्या तासाचं अंतर ठेवतो. माझा पहिला स्वस्त पंप वीज गेली की वेळ विसरायचा, इन्व्हर्टरवर घेतल्यापासून शहाणा झाला.

खरा तोटा मिठाचा. कॅल्शियम क्लोराइडमधलं क्लोराइड आणि सोड्यातलं सोडियम टाकीतच राहतं, म्हणजे रोज थोडं मीठ तयार होतं. माझ्याकडे दिवसाला सुमारे ५ ग्रॅम. महिनाभर दुर्लक्ष केलं की ३५ ची खारटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३६ कडे झुकलेली दिसते. उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे: आठवड्याच्या दहा टक्के बदलासाठी पाणी ३५ ऐवजी ३३ च्या आसपास कालवायचं. रिफ्रॅक्टोमीटर (खारटी मोजायचं यंत्र) हाताशी हवा, एवढंच. निवळीत ही भानगड नाही, हे कबूल.

पीएचच्या बाबतीतही बाटल्या मागे आहेत, विशेषतः साधा खायचा सोडा वापरलात तर. मी सोडा परातीत पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर भाजून घेतो. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि धुण्याच्या सोड्यासारखा तिखट सोडा उरतो, तो पीएच थोडा वर ढकलतो. निवळीइतका नाही. म्हणून थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारी, मी अजूनही रात्री लिटरभर निवळी थेंब थेंब सोडतो आणि बाटल्यांचं माप तेवढं कमी करतो. त्या महिन्यांत हवा कोरडी असते, पाणी उडतं, निवळीला जागा मिळते. आईला वाटतं मी तिचं ऐकलं.

टाकी लहान असेल, भूक अर्ध्या डीकेएचच्या आत असेल, तर निवळी पावसाळ्यातही पुरेल आणि पंपाचे पैसे वाचतील. तशा माणसाला मी बाटल्या घे म्हणणार नाही. घरात वर्षभर एसी चालत असेल तरी माझी तक्रार तुम्हाला लागू होणार नाही कदाचित. पण खिडक्या उघड्या ठेवून राहणाऱ्या, एकच्या वर भूक असलेल्या नाशिककराने माझ्यासारखी दोन वर्षं घालवावीत असं मला वाटत नाही.

आणि काहीही विकत घेण्याआधी तीन दिवस टाकीत काहीच न घालता रोज एकाच वेळी अल्क मोजा. तीन दिवसांत ०.२ सुद्धा उतरली नाही, तर टाकीत मऊ कोरलच जास्त आहेत असं समजा. तुम्हाला निवळीही नको आणि बाटल्याही नकोत, पाणी बदलत राहा.