जुन्या कॅनरचा डायल, रबर रिंग आणि तीन नगांचं वजन: वापरून बघितल्यावर

माझा प्रेस्टो कंपनीचा डायलवाला कॅनर (बरण्यांत भरलेले पदार्थ टिकवण्यासाठी वाफेच्या दाबाखाली शिजवायचं मोठं भांडं, डायल म्हणजे आतला दाब दाखवणारा झाकणावरचा काटा) बराच जुना आहे, भांडं अजून ठणठणीत, पण झाकणाची रिंग कडक झाली होती आणि कडेने वाफ फिस्स करत जायची. म्हणून एकदाच सगळं नीट करायचं ठरवलं.

आधी रिंग. इथे माझे पैसे वाया गेले. झाकणाचा व्यास टेपने मोजला आणि एका ऑनलाईन विक्रेत्याकडून "सगळ्या कॅनरना बसते" अशी रिंग मागवली. बसली कुठली, खाचेत एका बाजूला फुगायची. परत घ्यायलाही तयार नाही. तर व्यासावर अजिबात जाऊ नका, भांड्याच्या बुडाला किंवा अंगावर मॉडेल नंबर ठोकलेला असतो, काजळी घासून तो वाचा आणि त्या नंबरचीच रिंग मागवा. कंपनीची रिंग आली ती अलगद बसली, सोबत झाकणातलं छोटं रबरी सेफ्टी बूचही आलं. तेही लगेच बदला, कारण रिंग कडक झाली असेल तर तेही झालेलंच असतं.

आता डायल. मला वाटायचं काटा हलतोय म्हणजे चालतोय. तपासणीला दिला तर मास्टर गेजवर (तपासणीच्या अचूक मापकावर) 8 पाउंड दाब असताना माझा काटा 11 दाखवत होता!! म्हणजे मी 11 समजून गॅस बारीक करायचे आणि आत तापमान 113 अंशांच्या आसपासच. कमी आंबट पदार्थांना 115-116 अंश लागतात, बोटुलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत, त्यासाठीच तर प्रेशर. आणि बरणीकडे बघून काही कळत नाही, झाकण तसंच घट्ट बसतं. हे ऐकल्यावर त्या डायलवर केलेल्या सगळ्या बरण्या मी टाकून दिल्या, जीव तुटला पण टाकल्या.

काटा कमी दाखवत असेल तर पदार्थ फक्त जास्त शिजतो. जास्त दाखवत असेल तर धोका. 2 पाउंडांपेक्षा जास्त फरक आला की डायल बदलायचाच, आणि तपासणी दरवर्षी. धुताना डायल पाण्यात बुडवू नका.

पण खरा फरक पडला तो तीन नगांच्या वजनाने. झाकणावरच्या वाफेच्या नळीवर ते ठेवायचं, दाब 5, 10 किंवा 15 पाउंड हवा तशा त्याच्या कड्या चढवायच्या किंवा काढायच्या, आणि माझ्या जुन्या नळीवर ते बरोब्बर बसलं. त्यात स्प्रिंग नाही काटा नाही, ठरलेलं वजन ठरलेल्या भोकावर बसतं, त्यामुळे ते कॅलिब्रेट करायची (माप तपासून जुळवायची) भानगडच नाही, नळी आणि भोक स्वच्छ ठेवलं की झालं. आधी 10 मिनिटं वाफ मोकळी जाऊ द्यायची, मग वजन ठेवायचं, ते हळू डुलायला लागलं की घड्याळ लावायचं. दुसऱ्या खोलीतून आवाज ऐकू येतो, काट्याकडे टक लावून उभं राहावं लागत नाही! उणीव एकच, समुद्रसपाटीपासून 1000 फुटांच्या वर राहत असाल तर 10 वरून थेट 15 वर जावं लागतं, मधलं 12-13 मिळत नाही, पदार्थ थोडा जास्त मऊ होतो. मला चालतं.

ऑल अमेरिकन या दुसऱ्या कंपनीचा कॅनर असलेल्यांना रिंगेचा प्रश्नच नाही, तिथे धातूवर धातू बसतो, त्या कडेला तेलाचा हात मात्र लागतो. त्यांचाही भरवसा वजनावरच, डायल नुसता बघायला. आणि भांड्याचं बूड फुगलेलं असेल किंवा कड वाकली असेल तर पार्टवर एक पैसाही घालू नका.

वजनाला पाचपैकी पाच. कंपनीच्या रिंगेला साडेचार, पहिल्या वेळी झाकण फिरवायला फार जड गेलं, तेलाचं बोट फिरवल्यावर बसलं. डायल तपासणीला चार, कारण मला चिठ्ठीवर फक्त "बदला" लिहून मिळालं, आकडे विचारून घ्यावे लागले. तुम्ही देताना 5, 10, 11 आणि 15 या चारही ठिकाणचा फरक लिहून मागा.