ग्रास कटर बंद पडलंय: दुरुस्त करू की नवीन घेऊ?

गणपतीच्या आधी पंधरा दिवस आमच्या तालुक्याच्या गावात मेस्त्रीच्या दुकानासमोर जाऊन बघा, वीसेक ग्रास कटर दांडे वर करून भिंतीला टेकवलेले असतात आणि प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, नाव, गाव आणि खाली "स्टार्ट होत नाही". कलमांखाली गवत कमरेला लागलेलं, बेणणी, म्हणजे बागेतलं गवत-झुडपं काढणं, तोंडावर, मुंबईची मंडळी यायची आहेत, आणि मशीन दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली तरी नुसतं फुर्र करून गप्प. मग तिथंच उभ्या उभ्या माणूस म्हणतो, जाऊदे, नवीनच घेऊन टाकतो. मी हे केलंय. 2021 ला जुनं मशीन "इंजिन गेलंय" म्हणून पडवीत फेकलं आणि साडेआठ हजारांचं नवीन स्वस्तातलं 52 सीसी घेऊन आलो. आज ते नवीन भंगारात आहे आणि जुनं चालतंय. म्हणून हा सगळा प्रपंच.

आधी माझी परिस्थिती सांगतो, नाहीतर पुढचे आकडे तुम्हाला लागू होतील की नाही ते कळणार नाही. तीन एकर, सव्वाशेच्या आसपास हापूसची कलमं, खाली जांभा, मधे मधे कातळ. वर्षातून दोन बेणण्या, एक गणपतीच्या आसपास आणि दुसरी पाऊस गेल्यावर दिवाळीच्या आगेमागे, शिवाय गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेनं वणव्यासाठी पट्टा मारायचा तो वेगळा. सगळं मिळून वर्षाला बारा-तेरा दिवस, दिवसाला पाच तास धरले तर साठ-पासष्ट तास. जुनं मशीन नावाजलेल्या कंपनीचं दोन-स्ट्रोक, 2016 चं.

आता त्या जुन्याला काय झालं होतं ते ऐका. स्टार्ट व्हायचं, स्लोवर छान चालायचं, पण रेस दिली की घुसमटल्यासारखं करायचं, गवतात घातलं की बंद. एका दुकानात दाखवलं, त्यानं न उघडताच सांगितलं पिस्टन-सिलिंडर बदलावं लागेल, साडेसहा हजार आणि मजुरी वेगळी. मी घाबरलो. तीन वर्षांनी, स्वस्तातलं मेल्यावर, ते पडवीतलं मशीन सहज म्हणून दुसऱ्या मेस्त्रीकाकांकडे नेलं. त्यांनी आधी सायलेन्सर खोलला. त्याच्या तोंडाशी ठिणग्या बाहेर पडू नयेत म्हणून रुपयाच्या नाण्याएवढी बारीक जाळी असते, ती काजळीनं पूर्ण बुजली होती, अगदी डांबर लावल्यासारखी. पक्कडीत धरून गॅसवर लाल केली, ब्रशनं झटकली, प्रकाशात धरली तर आरपार दिसायला लागलं. मग सायलेन्सर काढलेलाच होता तर त्या भोकातून टॉर्च मारून मला पिस्टन दाखवला, म्हणाले बघा, गुळगुळीत आहे, उभे ओरखडे असते तर मी पण तुम्हाला नवीन घ्या म्हटलं असतं. पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला डायफ्रामचं, म्हणजे आतल्या पातळ रबरी पडद्यांचं किट, नवीन प्लग, टाकीतला फिल्टर, कडक झालेली पेट्रोलची नळी, सगळं धरून 1,450 रुपये झाले.

तर पहिली गोष्ट ही. मशीन किती जुनं आहे हा प्रश्नच नाही. बिघाड इंजिनाच्या बाहेर आहे की आत, हा प्रश्न आहे. बाहेर म्हणजे पेट्रोल, हवा, ठिणगी आणि धूर जायची वाट. प्लग, कॉइल, कार्ब्युरेटर, फिल्टर, जाळी, स्टार्टरची दोरी, क्लचचे शू, हे सगळं बाहेरचं. चिठ्ठ्या बांधलेल्या त्या मशिनांतली बरीचशी याच कारणानं आलेली असतात आणि हे डोळे झाकून दुरुस्त करावं. आत म्हणजे पिस्टन, रिंग, बोअर, क्रँकचं बेअरिंग, ऑइल सील. इथं खर्च उडी मारतो.

घरी तपासायचं असेल तर प्लग काढून ठेवा आणि दोरी सावकाश ओढा, मग प्लग लावून परत ओढा. दुसऱ्या वेळी दर फेऱ्याला हाताला नीट अडकल्यासारखं झालं पाहिजे. दोन्ही वेळा सारखंच सैल लागलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब नाही, म्हणजे आतलं काम. आणि दोरी ओढलीच जात नसेल, जाम असेल, तर बहुतेक ऑइल न घालता कोणीतरी साधं पेट्रोल घालून चालवलंय. आमच्याकडे हे गडी बदलला की होतंच, त्याला वाटतं पेट्रोल ते पेट्रोल. दोन-स्ट्रोकला वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलात मिसळलेलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं, त्यामुळं एक टाकी साधं पेट्रोल म्हणजे खेळ खलास. कंपनीनं 50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली, 25 ला 1 असेल तर 40 मिली, अंदाजानं बुचभर टाकायचं नाही.

आता दुसरी बाजू, ते स्वस्तातलं 52 सीसी. खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी मजा आली. ताकद भरपूर, झुडपं सुद्धा सपासप. पहिल्याच हंगामात स्टार्टरचा सेट गेला, साडेतीनशे, ठीक आहे म्हटलं. दुसऱ्या वर्षी पुढचा गिअर हेड, तो आणायला गेलो तर दुकानदार विचारतो दांडा 26 मिमीचा की 28 चा, आतला रॉड सात दातांचा की नऊ दातांचा. मला काय माहीत. एक आणला तो बसला नाही, परत एसटीनं पंचवीस किलोमीटर, नऊशे रुपये आणि दोन दिवस गेले. तिसऱ्या वर्षी क्रँकचं बेअरिंग वाजायला लागलं, मेस्त्री म्हणाले तीन हजार दोनशे होतील पण मी करणार नाही, कारण ते केलं की पुढचं काहीतरी जाईल आणि शिव्या मला. त्यांचं बरोबरच होतं. नवीनच साडेआठ हजारांचं, त्यात तीन वर्षं वापरलेलं, त्याच्यावर तीन हजार घालणं म्हणजे आजारी म्हशीला सोन्याची घंटा.

पण गंमत बघा, तेच आतलं काम जुन्या मशीनवर निघालं असतं तर मी साडेसहा हजार घातले असते का? विचार केला असता. कारण त्या दर्जाचं नवीन आज पंचवीस-तीस हजारांच्या घरात जातं आणि त्याचा प्रत्येक पार्ट नंबर सांगितला की तालुक्याला मिळतो, नाहीतर दोन दिवसात येतो. माझा ढोबळ नियम असा आहे की दुरुस्तीचा खर्च त्याच दर्जाच्या नवीन मशीनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर दुरुस्त, निम्म्याच्या वर गेला तर नवीन, आणि मधलं असेल तर पार्ट मिळतो का यावर. "त्याच दर्जाच्या" हे दोनदा वाचा, माझी चूक तिथंच झाली, मी साडेसहा हजारांची दुरुस्ती साडेआठ हजारांच्या नवीन मशीनशी ताडून पाहिली.

आता नवीनच घ्यायचं ठरवलं तर बरेच जण चार-स्ट्रोक घ्या म्हणतात. होंडाचं जीएक्स35 इंजिन सगळ्यांना माहीत आहे, 35.8 सीसी, पेट्रोलात ऑइल मिसळायची भानगड नाही, इंजिनात वेगळं 100 मिली ऑइल बसतं, पहिल्यांदा दहा तासांनी आणि नंतर दर पन्नास तासांनी बदलायचं. आवाज कमी, धूर जवळपास नाही. चालवायला मला तेच आवडतं, शेजाऱ्याचं दोन दिवस आणून बघितलं होतं. पण पैशाच्या बाजूनं बघू. माझं दोन-स्ट्रोक तासाला पाऊण ते एक लिटर पितं, ते चार-स्ट्रोक अर्ध्या लिटरच्या आसपास. वर्षाचे पासष्ट तास धरले तर बावीस-तेवीस लिटर पेट्रोल वाचतं आणि लिटरभर टूटी ऑइल (पेट्रोलात मिसळायचं ते), म्हणजे पावणेतीन हजारांच्या आसपास. तीस हजारांचं मशीन या वाचलेल्या पैशातून फिटायला अकरा वर्षं. तेच मशीन घेऊन दुसऱ्यांच्या बागा मारणारा माणूस वर्षाला चारशे तास सहज चालवतो, त्याचे सतरा हजार वाचतात, दोन हंगामांत मशीन फुकट. त्यानं जुन्या दोन-स्ट्रोकवर एक रुपया घालू नये असं मी म्हणेन, मी मात्र घालणार. एकच मशीन, दोघांना वेगळं उत्तर. आणि हो, चार-स्ट्रोकचं ऑइल बघायला विसरणारा गडी असेल तर ते पण तितकंच मरतं.

पेट्रोलचं एक सांगायचं राहिलं. आता पंपावर सगळीकडे ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कोकणातल्या पावसात ओलाव्याला काय तोटा. टाकीत महिना-दोन महिने मिश्रण पडून राहिलं की पाणी-इथेनॉल खाली बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं, आणि नळी टाकीच्या तळातून ओढते. म्हणजे मशीनला आधी काय जातं ते बघा. शिवाय जुन्या मशिनांच्या रबरी नळ्या आणि डायफ्राम यानं लवकर कडक होतात. त्यामुळं 2016 चं मशीन दुरुस्त करताना नळ्या आणि डायफ्राम बदलूनच घ्या, दीडशे-दोनशेचा फरक पडतो. आणि बेणणी संपली की टाकी रिकामी करून मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा, मगच टांगा.

अनुदानाचं अनेकांना माहीत नसतं. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या पोर्टलवर, कृषी यांत्रिकीकरणात ब्रश कटरसाठी, म्हणजे आपल्या याच ग्रास कटरसाठी अर्ज करता येतो, अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना जास्त, बाकीच्यांना कमी. पण पूर्वसंमती यायच्या आधी मशीन विकत घेतलंत तर बिल घेऊन फिरत बसा, काही मिळत नाही. म्हणजे गणपतीच्या तोंडावर अनुदान होत नाही. यावरूनच एक मधला मार्ग निघतो जो मला सगळ्यात पटतो: मशीन बाहेरच्या कारणानं बंद असेल तर हजार-दीड हजार घालून हा हंगाम काढा, अर्ज टाकून ठेवा, संमती आली तर पुढच्या वर्षी नवीन घ्या आणि जुनं स्पेअर म्हणून ठेवा.

बॅटरीवाली मशिनं पण आलीत. घराभोवतीचं खळं, दोन गुंठ्यांचं अंगण, मुंबई-पुण्याच्या बंगल्याची हिरवळ, एवढ्यासाठी उत्तम, तिथं तर जुन्या पेट्रोल मशीनवर खर्च करूच नका. तीन एकरांच्या कमरेएवढ्या गवतात किती बॅटऱ्या घेऊन जाणार आणि बागेत चार्ज कुठं करणार?

आणि ज्यांची पन्नासच्या आत कलमं आहेत, वर्षातून चार दिवसांचं काम आहे आणि स्वतः गावात राहत नाहीत, त्यांनी दुरुस्त पण करू नये आणि नवीन पण घेऊ नये. मशीनसकट माणूस बोलवा, रोजावर किंवा बाग बघून उक्तं. तुमचं मशीन उरलेले अकरा महिने उंदीर नळ्या कुरतडतात म्हणून बिघडतं, वापरानं नाही.

दुरुस्त करायचं ठरवलंत तर खर्चात न दिसणारी एक गोष्ट बघा, हँडलजवळचे रबरी बुश. ते गेले की मशीन चालतं पण हाताला इतका कंप येतो की संध्याकाळी चहाचा कप धरवत नाही, बोटं सुन्न. माझ्या जुन्याचे गेले होते, मला वाटायचं वय झालं. चार बुश, चारशे रुपये. रोज आठ तास चालवणाऱ्या माणसाला असं मशीन देणं हा अन्यायच आहे.

मेलेलं मशीन लगेच भंगारवाल्याला देऊ नका. माझ्या 52 सीसीचा खांद्याचा पट्टा, गार्ड आणि नायलॉनचं डोकं अजून वापरात आहे. ब्लेड मात्र बसली नाहीत, भोक स्वस्तातल्याचं 25.4 मिमी आणि जुन्याचं 20. मेस्त्रीकाकांना विचारलं वॉशर लावून बसवू का, तर त्यांनी नुसतं माझ्या पायांकडे बघितलं आणि ब्लेड हातातून काढून घेतली.