धरमपेठेतलं क्लिनिक की गावची गुरं?

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून साडेपाच वर्षांनी बाहेर पडलं की दोन वाटा दिसतात. धरमपेठेत कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक टाकलं तर एसी, एक्स-रे, बरी कमाई. पण लाडक्या कुत्र्याला कायमचं झोपवताना हात जड होतो.

काटोलकडे गुरांची प्रॅक्टिस म्हणजे मे महिन्यातलं ऊन, रात्री-बेरात्री फोन, उधारी. तरी मी तीच निवडली, कारण खरा आनंद मला तिथेच मिळतो. अडलेल्या गवळाऊ गाईच्या गर्भाशयात खांद्यापर्यंत हात घालून वासराची मुडपलेली मान सरळ करायची. कळ आली की ओढायचं, ओसरली की थांबायचं. वासरू फुरफुरतं, गाय त्याला चाटू लागते, आणि घरची आजी लोटाभर पाणी माझ्या हातांवर ओतते.