साडेचौदा हजारांचं ‘लाइफटाइम’ प्लेबुक

नागपुरात शाळांमधून, क्लबांमधून जे कोणी फ्लॅग फुटबॉल शिकवतात त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. खेळाच्या चाली आखायचं सॉफ्टवेअर विकतो असं सांगून ज्या माणसाने मला फसवलं तो अजून शाळाशाळांत फिरतो आहे, असं गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका पीटी सरांनी सांगितलं. त्यामुळे आता गप्प राहवत नाही.

मी शाळेत खेळ शिकवते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन झालं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉललाही मंजुरी मिळाली. तेव्हापासून आमच्या खोखो-कबड्डीच्या मुली या खेळाकडे वळल्या. हा अमेरिकन फुटबॉलचाच एक प्रकार, बॉल हातात घेऊन पळायचा. यात अंगावर जाऊन पाडायचं नसतं, बॉल असलेल्या मुलीच्या कमरेची पट्टी ओढली की चाल तिथेच संपते. पाच जणी इकडे, पाच तिकडे. चार प्रयत्नांत मध्यरेषा ओलांडायची, मग पुढच्या चार प्रयत्नांत एंड झोन, म्हणजे मैदानाच्या टोकाचा गुण मिळवायचा पट्टा, गाठायचा. कोणी किती यार्ड पळायचं, कुठे वळायचं, बॉल कोणाकडे जायचा हे सगळं आधी ठरलेलं लागतं. मी चौकटीच्या वहीत चाली काढून त्यांच्या झेरॉक्स वाटत असे. रेशीमबागच्या मैदानावर पावसात त्यांचा लगदा व्हायचा, आणि एक चाल बदलली की सगळं परत काढावं लागायचं. सॉफ्टवेअरची गरज खरीच होती, हे आधी सांगते.

नोव्हेंबरात क्रीडाशिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने जाहिरात टाकली. प्लेबुक, म्हणजे चालींची वही, बनवायचं परदेशी सॉफ्टवेअर, लाइफटाइम लायसन्स, सगळ्या संघाला लॉगिन. सीताबर्डीत चहाच्या दुकानात भेटलो. त्याने लॅपटॉप उघडून दाखवलं: एका क्लिकवर चाल डावीकडून उजवीकडे उलटते, ठिपके आपापल्या रेषेवर पळतात, मनगटावर बांधायच्या पट्टीत बसेल एवढं कार्ड तयार होतं. मी म्हटलं, मला एक चाल काढून बघू द्या. तो म्हणाला, इथे नेट बरोबर नाही. तो दाखवत होता तो आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ होता, हे मला फार उशिरा कळलं. वर म्हणाला, “मॅडम, काही टेन्शन घेऊ नका, मी आहो न नागपुरातच.” या एका वाक्यावर मी विसंबले. आपल्या गावचा माणूस कुठे पळून जाणार, असं वाटलं.

किंमत साडेचौदा हजार. तेवीस मुलींकडून पाचशे-पाचशे जमवले, उरलेले तीन हजार मी घातले. एका मुलीच्या आईने दहा-दहाच्या नोटा रबर लावून आणून दिल्या होत्या. त्या मोजताना माझे हात थांबले होते, तरी मी त्या घेतल्या. यूपीआयने पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. विचारलं तर म्हणाला, बिल मेलवर येईल. ते कधीच आलं नाही. नंतर ‘अकाउंट व्हेरिफाय’ करायला एक रुपयाची विनंती पाठवली आणि मी पिन टाकला.

लॉगिन मिळालं आणि रोज संध्याकाळी मी चाली काढायला बसले. पडद्यावरचं मैदान पूर्ण अमेरिकन फुटबॉलचं होतं, अकरा खेळाडूंचं आणि सव्वात्रेपन्न यार्डांहून थोडं जास्तच रुंद. आमचं मैदान पंचवीस यार्ड रुंद, दोन्ही एंड झोन धरून सत्तर यार्ड लांब. मी सहा खेळाडू खोडले आणि पाच ठेवले, पण मैदान लहान करता येईना. विचारलं तर उत्तर आलं, पुढच्या अपडेटमध्ये येईल. मी तसंच काम चालू ठेवलं. दोन जणी एकाच बाजूला लावून एकीला बाहेर वळवलं आणि दुसरीला तिच्या मागून कोपऱ्याकडे पाठवलं, तेव्हा पडद्यावर दोघींत दहा यार्डांची मोकळी जागा दिसत होती. तीच चाल आमच्या रुंदीत आणली की ते अंतर पाच यार्डांच्याही आत येतं. पहिल्याच सरावात दोघी एकमेकींवर आदळल्या. एकीची भुवई फुटली, दोन टाके पडले. ती म्हणाली, “मॅडम, कागदावर तर जागा होती न.” तिचं अगदी बरोबर होतं. चूक तिची नव्हती.

कार्ड छापायला गेले तर प्रत्येक चालीवर तिरपा मोठा शिक्का. शिक्क्याशिवायची पीडीएफ हवी तर आणखी पैसे. जानेवारीच्या शेवटी पासवर्ड चालेना आणि त्या माणसाचा फोनही लागेना. मूळ कंपनीचा पत्ता शोधून मी मेल केला. त्यांचं उत्तर आलं की हे खातं कोणीतरी स्वतःच्या ईमेलवर फुकट चाचणीसाठी उघडलं होतं, मुदत संपली, लायसन्स कधी विकलंच गेलेलं नाही. माझ्या एक्केचाळीस चाली त्यातच राहिल्या.

तेवढ्यावर थांबलं नाही. बँकेचा तपशील काढला तेव्हा डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी असे तीन वेळा नऊशे नव्व्याण्णव रुपये गेलेले दिसले. तो एक रुपया व्हेरिफिकेशनचा नव्हताच, ऑटोपेला, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे कापायला, दिलेली संमती होती. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या चोवीस तास आधी सूचना यावी लागते, आणि ती आली होती. मी जाहिरात समजून वाचली नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचा विभाग असतो, तिथून मी ती संमती रद्द केली. आज तुमचाही तो विभाग एकदा उघडून बघा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, मग सायबर पोलीस ठाण्यात जाऊन आले. तिथे कळलं की पैसे गेल्याबरोबर पहिल्या काही तासांत कळवलं तरच समोरच्या खात्यात ते अडवण्याची शक्यता राहते. माझे तीन महिने गेले होते. ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे: दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मला हे नीट समजावून सांगितलं. पण बिल नाही, म्हणून व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक संदेश आणि यूपीआयची पावती मी छापून फाइल केली आहे.

सॉफ्टवेअर घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. चांगली आहेत, प्रामाणिक आहेत, आणि ती बनवणाऱ्यांच्या साइटवर चाचणीसाठी थेट मिळतात. पण पैसे देण्याआधी स्वतःच्या हाताने एक चाल काढा, पंचवीस यार्डांच्या मैदानावर. सात यार्ड मागून बॉल फेकणारीवर धावत येणारी समोरच्या संघाची खेळाडू, म्हणजे रशर, त्यात ठेवा. मध्यरेषेच्या आणि गोलरेषेच्या आधीचे पाच-पाच यार्ड, जिथे बॉल घेऊन पळत सुटता येत नाही, ते दिसतात का बघा. मग ती चाल उलटवा, पीडीएफ काढा, छापा, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. खातं तुमच्याच ईमेलवर उघडलेलं हवं.

आम्ही सध्या लिब्रेऑफिस इम्प्रेसवर काम करतो, ते फुकट आहे. पानाचा आकार पंचवीस सेंटीमीटर रुंद, तीस उंच ठेवला आणि ग्रिड लावली. एक सेंटीमीटर म्हणजे एक यार्ड, त्यामुळे अंतर डोळ्यांनीच कळतं. खेळाडूंना गोल, पळण्याला बाण. स्लाइडची नकल करून सगळं आडवं उलटवलं की दुसऱ्या बाजूची चाल तयार. हँडआउट छापताना एका कागदावर नऊ चाली बसतात, त्या कापून मनगटाच्या पट्टीत सारतो. भुवई फुटलेल्या मुलीनेच पहिल्या बारा चाली काढल्या. बाहेर वळणारी आणि कोपऱ्याकडे जाणारी यांच्यामध्ये तिने मोजून नऊ सेंटीमीटर सोडले आहेत.

मुलींचे पाचशे मी हप्त्याहप्त्याने परत करते आहे. सात जणींचे राहिले आहेत. दहा-दहाच्या नोटा देणाऱ्या त्या ताईंचे सगळ्यात आधी दिले.

तो माणूस आता दुसरं नाव लावून येतो, असं सरांनी सांगितलं. व्हिडिओ मात्र तोच आहे: हिरवं मैदान, अकरा निळे ठिपके, आणि खाली उजव्या कोपऱ्यात माउसचा बाण, जो तो लॅपटॉपला हात लावत नसतानाही हलत राहतो.