ऑनलाइन बांधकाम परवानगी: जोत्यापर्यंत पोचल्यावरचा अनुभव

घराच्या जोत्याची, म्हणजे पायावरच्या चौथऱ्याची, तपासणी होऊन दाखला नुकताच मिळाला, म्हणून आता लिहितोय. आमची नगरपरिषद लहान आहे. प्लॉट 300 चौरस मीटरच्या थोडा वर, त्यामुळे राज्याच्या एकात्मिक बांधकाम नियमावलीत छोट्या प्लॉटना जी जलद परवानगी आहे तिच्यात आम्ही बसत नाही. मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, झोन दाखला, कराची पावती ही यादी सगळ्यांना पाठ आहे. ती सोडून देतो.

मला बोलायचंय ते त्रुटींबद्दल, म्हणजे अर्ज तपासताना नगरपरिषद ज्या उणिवा काढते त्यांबद्दल. आमच्या प्रकरणात त्या एकेक करून आल्या. आधी समोरच्या रस्त्याची रुंदी नकाशावर नाही म्हणून प्रकरण परत. ती दाखवली, तर पार्किंगची मापं नाहीत म्हणून परत. तीही दिली, तर पावसाचं पाणी जिरवण्याचा खड्डा दाखवलेला नाही. नकाशा तोच, पहिल्या दिवसापासून त्यांच्यासमोर असलेला. मग हे सगळं एका बैठकीत का लिहिता येऊ नये? सुधारित नकाशा अपलोड करायचा म्हटलं की ड्राफ्ट्समन दरवेळी पैसे घेतो, आणि ते माझ्या खिशातून जातात.

पैशापेक्षा वेळेचं नुकसान मोठं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 प्रमाणे 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं, तेही बांधकाम नियमांत बसत असेल तरच. पण हे 60 दिवस अर्जापासून किंवा त्रुटीला दिलेल्या उत्तरापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून धरतात. म्हणजे प्रत्येक नवी त्रुटी घड्याळ पुन्हा शून्यावर आणते. ज्याने कर्ज काढलंय, जो भाड्याच्या घरात राहतोय, त्याला हे फार महागात पडतं.

मधल्या काळात मी भेटेल त्याला सांगत होतो की कागदी फाइलच बरी होती. ते मत आता बदललंय. ऑनलाइनमध्ये प्रत्येक त्रुटी तारखेसह लेखी राहते. त्याच नोंदींचे प्रिंट घेऊन गेलो, तेव्हा अभियंत्यांनी समोर बसवून उरलेलं सगळं एकदम सांगितलं. कागदी फाइल आणि तोंडी त्रुटींच्या जमान्यात माझ्या हातात काय असतं? शुल्क भरल्यावर तर डिजिटल सहीची मंजुरी घरबसल्या आली, कोणाच्या टेबलापाशी उभं राहावं लागलं नाही. याचं खरंच समाधान वाटलं.

क्षेत्रफळाचंही तसंच. मालकीचा कागद, मोजणी आणि जागेवरचं माप, यातलं सर्वात कमी धरतात. आमचे काही चौरस मीटर त्यात गेले, तेव्हा राग आला होता. आता वाटतं, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद घालत बसण्यापेक्षा हे परवडलं.

चलन भरण्याआधी कामगार उपकर तपासा. तो बांधकाम खर्चाच्या 1 टक्का असतो, पण स्वतःच्या राहत्या घराचा खर्च 50 लाखांपर्यंत असेल तर कायद्यानेच सूट आहे (नोव्हेंबर 2025 आधी ही मर्यादा 10 लाख होती).

आणि पहिल्या त्रुटीला उत्तर देतानाच ‘उर्वरित सर्व त्रुटी एकत्रित कळवाव्यात’ असं पत्र जोडा, त्याचा आवक क्रमांक घ्या. भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे घर राहायला वापरण्याच्या परवानगीच्या, अर्जाला मी ते पहिल्याच दिवशी जोडणार आहे.