टेबलावरचा क्यूआर मेन्यू: बिलाला उत्तम, ऑर्डरला अजून कच्चा

मोठ्या शहरांत छापील मेन्यूकार्ड मागे पडलं आणि टेबलावर क्यूआर कोड आला, तो मुख्यतः २०२० नंतर. मूळचा कोड १९९४ सालचा, जपानच्या डेन्सो कंपनीतला, गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी केलेला. डाग पडले, ओरखडे उठले तरी तो वाचता यावा अशी सोय त्यात आहे. या दुरुस्तीच्या सर्वांत वरच्या पातळीवर कोडचा सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं. तरीही टेबलावर तो अडतो, आणि कारणं बहुधा छपाईतलीच असतात. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडते. सजावटीसाठी काळ्यावर पांढरा कोड छापला की काही फोन तो ओळखतच नाहीत. भोवती कोडमधल्या चार बारीक चौकटींइतकी कोरी जागा लागते, तिथे नक्षी येते. ३० सेंटिमीटरवरून स्कॅन करायचा असेल, तर कोडची बाजू निदान ३ सेंटिमीटर हवी.

कोड उघडल्यावर पीडीएफ आली, तर ती सोय नव्हे. बोटांनी मोठं करत, सरकवत वाचावं लागतं. फोनच्या रुंदीत बसणारं वेबपान हवं.

खरी गफलत ऑर्डरमध्ये होते. टेबल क्रमांक लिंकमध्येच असतो, म्हणून साफसफाईत कोडचा स्टँड शेजारच्या टेबलावर गेला की जेवणही तिकडेच जातं. एकाच टेबलावर दोघांनी आपापल्या फोनवरून तेच मागवलं तर पदार्थ दुप्पट येतात. शिवाय सगळं एकदम पाठवलं की किचनमध्ये एकच तिकीट, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, छापलं जातं आणि स्टार्टर, मुख्य जेवण एकत्र टेबलावर आदळतं. वेटर हा क्रम आपसूक सांभाळायचा. त्यामुळे आधी फक्त स्टार्टर पाठवावेत, बाकीचं नंतर. ॲलर्जी असेल तर ‘सूचना’ या रकान्यावर विसंबू नये, माणसाला तोंडी सांगावं. काही यंत्रणांत ती सूचना किचनच्या तिकिटावर उतरतच नाही, आणि इथे चूक जिवावर बेतू शकते.

आणखी एकदा काही मागवायला आणि बिल भरायला मात्र ही सेवा खरंच छान आहे. वेटरची नजर पकडत बसावं लागत नाही. पैसे देण्यापूर्वी कोडवर दुसरा स्टिकर चिकटवलेला नाही ना हे बोट फिरवून पाहावं आणि स्क्रीनवर आलेलं नाव बिलावरच्या नावाशी ताडून घ्यावं.

ज्येष्ठांसाठी आणि बॅटरी संपलेल्यांसाठी काउंटरवर चार-पाच छापील कार्डं हवीतच. ती नसतील, तर जेवण कितीही चांगलं असो, सेवेचे गुण कापावेत.