टिकटिक पॅकिंगची, बिल टर्बोचं

चौतीस हजार आठशे रुपये. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) 26,500, मजुरी 4,500, ऑइल-फिल्टर 3,800. रोख दिले, तेही कच्च्या बिलावर. चौदा वर्षं डिझेल पिकअप चालवतोय, अगदीच अडाणी नाही. पण ऐन कांद्याच्या हंगामात गाडी उभी राहिली की मिस्त्री म्हणेल त्याला माणूस मान डोलावतो.

सकाळी थंड इंजिनाला टिकटिक, तापलं की आवाज कमी. चढाला ओढ नाही, धूर काळा. बॉनेट उघडताच मिस्त्री म्हणाला, "टर्बो गेला, शेठ." इंजिनाच्या वरच्या भागाच्या, म्हणजे हेडच्या कडेला, चौथ्या सिलिंडरपाशी काजळीचा फराटा होता. मी तो बोटाने पुसला, बोट पँटला पुसलं आणि गप्प बसलो! एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं, म्हणजे धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळकांड्याचं, सांध्यातलं पॅकिंग फुटलंय, हे तिथेच लिहिलेलं होतं. धूर टर्बोच्या आधीच निसटला तर टर्बो फिरणार कशावर?

जुना टर्बो मागितला तर म्हणे, "भंगारात गेला." तरी मी पैसे मोजले. तुम्ही मोजू नका, जुना पार्ट हातात आल्याशिवाय पाकीट काढूच नका.

नवव्या दिवशी टिकटिक परत. दुसऱ्या मिस्त्रीने टॉर्च मारून दाखवलं: टर्बोच्या ऑइल पाइपच्या बोल्टवर जुना चिखल तसाच, पान्याचा ओरखडासुद्धा नाही, म्हणजे टर्बो काढलाच नव्हता. मॅनिफोल्डच्या फटीत लाल सिलिकॉन थापलेलं, जळून खपली झालेलं. लोडवर पाच-सहाशे अंश तापणाऱ्या धुरापुढे ते किती टिकणार? मॅनिफोल्ड वाकलेला, तो आवळून धरणारा एक स्टड तुटलेला. घासून सपाट करायचं फेसिंग 600, पॅकिंग 450, स्टड-नट 480, मजुरी 1,200. 2,730 रुपयांत काम संपलं. नट मधल्यापासून कडेकडे, नेमका जोर दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने आवळले. सायलेन्सरचं तुटलेलं रबर बदलून घेतलं, त्याचं सगळं ओझं मॅनिफोल्डवर येत होतं. तापल्या इंजिनावर पाणी मारून मॅनिफोल्ड वाकवतो म्हणून शिव्याही खाल्ल्या.

चौकीत गेलो. "दिवाणी मामला आहे." मग एका कार्यालयात, तिथे "पक्कं बिल आणा." अहो, पक्कं बिल देणारा असता तर फसलो असतो का? तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला, चौथ्या खेपेला साहेब रजेवर. डिझेल माझंच जळतंय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं, हे त्यांच्यापैकी एकानेही सांगितलं नाही.

अर्ज आता तिथेच टाकलाय. फुटलेलं पॅकिंग आणि जळकं सिलिकॉन दुधाच्या पिशवीत बांधून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंय.